फोर्ट कोचीला बायकोसोबत जहाजं बघत संध्याकाळ घालवायची आहे. कुठे आणि कधी बसावं?

वास्को द गामा चौकापासून चिनी जाळ्यांशेजारून समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटेवर बसा, आणि वेळ घड्याळ बघून नव्हे तर जहाज बघून ठरवा. वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलला जाणारी जहाजं फोर्ट कोची आणि वायपीन यांच्यामधल्या चिंचोळ्या मुखातूनच आत शिरतात, त्यामुळे डेकवरची माणसं नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

दुपारीच मोबाइलवर मरीन ट्रॅफिक हे जहाजं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप उघडा. जहाजाच्या चिन्हावर बोट ठेवलं की नाव, वेग आणि जायचं ठिकाण कळतं. ही माहिती जहाजावरचं एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख सांगणारं यंत्र, स्वतःच प्रसारित करतं. वेग शून्याजवळ असेल तर ते बाहेर नांगर टाकून थांबलंय, त्याची वाट बघू नका. ८ नॉट म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटर, म्हणून चार सागरी मैलांवरचं जहाज अर्ध्या तासात समोर येतं. पायलट बोट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटची बोट, बाहेर निघाली की उठू नका, चहा नंतर!

एर्नाकुलमहून येत असाल तर हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो घ्या. तो प्रवासही छान आहे, पण परतीची शेवटची बोट आधी विचारून ठेवा. मावळतीला जहाज सूर्याच्या बाजूने येतं आणि फोटोत नुसतं काळं दिसतं. दोघांचा फोटो ते पुढे सरकून पूर्वेला गेल्यावर काढा, तेव्हा उजेड तुमच्या चेहऱ्यावर असतो. जहाज संध्याकाळीच येईल याची मात्र खात्री नसते, आणि जून ते सप्टेंबर पावसामुळे हा बेत टाळलेलाच बरा.