सुई जोरात टोचली तर चेतापेशी मोठा सिग्नल पाठवते का?

नाही. सिग्नल तेवढाच राहतो, फक्त जास्त वेळा जातो.

शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे 70 मिलिव्होल्ट असते. सुई टोचली की त्वचेतल्या चेतातंतूच्या टोकाशी व्होल्टेज थोडं वर चढतं. ते उणे 60 लाच अडलं, तर जागच्या जागी विरून जातं. पण उणे 55 च्या आसपासचा उंबरठा गाठला की सोडियमचे चॅनेल (पेशीच्या पडद्यातली सोडियमला आत सोडणारी बारीक दारं) उघडतात, सोडियम आत घुसतं, व्होल्टेज आणखी चढतं, म्हणून आणखी चॅनेल उघडतात. मिलिसेकंदभरात आकडा शून्य ओलांडून अधिक 30 च्या घरात! मग सोडियमचे चॅनेल मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पूर्वपदावर येते. ही पूर्ण उसळी म्हणजेच सिग्नल, म्हणून टोचणी कितीही जोराची असली तरी तो तेवढाच.

उणे 55 हा आकडा मात्र पाठ करू नका, तो पेशीगणिक बदलतो. आत येणारं सोडियम बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमला भारी पडलं की उंबरठा ओलांडला, हे समजून घ्या.

हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री जिवाच्या जाड चेतातंतूत बारीक इलेक्ट्रोड घालून हे मोजलं आणि 1952 मध्ये समीकरणांत मांडलं. 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दाताचे डॉक्टर हिरडीत बधिरतेचं इंजेक्शन देतात, तेही याच सोडियम चॅनेलना अडवतं.