होरसचा डोळा घेण्याआधी

प्रिय,

तू पाठवलेले चारही फोटो मोठे करकरून पाहिले. बोटाच्या पेराएवढा निळा-हिरवा होरसचा डोळा, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या होरस देवाच्या डोळ्याचा ताईत, भुवईची रेघ शाबूत, आडवं भोक आरपार. वस्तू देखणी आहे, मोह पडणारच. दुकानदाराने चिठ्ठीवर 'जुन्या युरोपीय संग्रहातून' एवढंच लिहिलंय आणि तू मला विचारलं आहेस, "काका, खरा असेल का?"

असेलही. पण मी आधी दुसरंच विचारलं असतं. हा डोळा कुठे होता, कुणाच्या अंगावर, नेमका कोणत्या जागी?

आपल्याकडे बाळाच्या मनगटात दृष्टमणी, कमरेला करगोटा, गळ्यात ताईत. यांची अदलाबदल केली तर घरातली आजी ओरडेल. इजिप्तमध्ये तर या जागा मंत्रांतच लिहून ठेवल्या होत्या. 'मृतांचं पुस्तक' म्हणतात त्या संहितेतला ३० (ब) हा मंत्र दगडी भुंगेऱ्यावर (भुंगेऱ्याच्या आकाराच्या ताइतावर) कोरून तो मृताच्या हृदयापाशी ठेवत. परलोकात न्यायनिवाड्याच्या वेळी हृदयानेच मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये, ही त्यातली विनवणी. तांबड्या दगडाची, इसिस देवीच्या नावाची गाठ गळ्याशी. आणि तुझा डोळा? मृतदेहातले अवयव काढायला डाव्या कुशीत जो छेद घेत, तो झाकणाऱ्या पत्र्यावर हाच डोळा असायचा. जिवंत माणसंही तो मनगटात, गळ्यात घालत. म्हणजे तुझ्यासमोरचा डोळा रोज वापरातला की मृताचा, हे त्याच्याकडे बघून कळणार नाही. ते फक्त काढणाऱ्याने पाहिलं, आणि त्याने बहुधा टिपून ठेवलं नाही.

टिपून ठेवणारेही होते म्हणा. फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने इजिप्तमधल्या हवाऱ्याला होरुजा नावाच्या माणसाची कबर खारट पाण्यात उतरून रिकामी केली आणि ममीवरचा कोणता ताईत कुठे होता ते नोंदवलं. १९१४ मध्ये त्याने ताइतांची जी सूची छापली, तिच्यात २७५ प्रकार आहेत आणि ममींवरच्या मांडणीच्या आकृत्याही. १९२५ मध्ये तुतनखामन राजाच्या ममीची बंधनं सोडवताना उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरला थराथरांतून दीडशेच्या आसपास वस्तू मिळाल्या, त्याही जागेच्या नोंदीसकट. म्हणून आज त्यांवर बोलता येतं.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते मात्र सोन्याचे नाहीत. इसवी सनापूर्वी हजारच्या पुढेमागे, देवाचा कौल पपायरसच्या अरुंद पट्टीवर लिहून, तिची गुंडाळी नळीत घालून लेकरांच्या गळ्यात बांधत. साप, विंचू, अंगावर कोसळणारी भिंत, सगळ्यांपासून राखण करण्याचं देवाचं वचन त्यात असे. आपला ताईत याहून वेगळा काय असतो?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ही चीज फेअन्सची आहे. फेअन्स म्हणजे चिनीमाती नव्हे, त्यात चिकणमाती जवळजवळ नसतेच. कुटलेली गारगोटी किंवा वाळू, थोडा चुना, नॅट्रॉन नावाचा खार (आपल्या पापडखाराचा भाऊबंद) किंवा झाडांची राख, आणि रंगासाठी तांबं. हा लगदा साच्यात दाबून वाळवला की खार आपोआप पृष्ठभागावर फुलतो, आणि भट्टीत त्याचीच चकाकी होते. वेगळा लेप द्यावाच लागतो असं नाही. ते लोक या पदार्थाला 'चमकणारा' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. फिरोजा सिनाईतल्या खाणींतून आणायचा, लाजवर्द तर थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. ते सगळ्यांना कुठून परवडणार? तोच रंग गरिबाला वाळूतून मिळाला. इजिप्तमधल्या अमार्ना या प्राचीन नगरीत याचे हजारो मातीचे साचे सापडले आहेत. तेव्हा तुझा डोळा खरा असला तरी तो एकमेव वगैरे नाही, हे घासाघीस करताना लक्षात असू दे.

जवाहिऱ्याचं दहापटीचं भिंग घे आणि चकाकीआधी भोक बघ. वापरातल्या ताइताच्या भोकाच्या कडा दोऱ्याने झिजलेल्या असतात. कुठे टवका उडाला असेल तर आत पांढरट, साखरेसारखा रवाळ गाभा दिसायला हवा. गुळगुळीत तांबूस माती दिसली तर वस्तू तिथेच ठेव. चकाकी सगळीकडे एकसारखी असेल, खोबणीतही दाटली नसेल, तरी शंका घे. भुंगेरे बहुतेक शंखजिऱ्याचे. मऊ असताना कोरायचे आणि भाजून कठीण करायचे. त्यांच्यावरच्या राजाच्या नावावर विसंबू नकोस. तिसऱ्या थुतमोसचं नाव त्याच्या मरणानंतर शेकडो वर्षं लोक भुंगेऱ्यांवर कोरत होते, कारण ते नावच शुभ ठरलं होतं. आणि इजिप्तमधल्या लक्सरच्या समोर, नाईलच्या पलीकडच्या काठावरचे कारागीर या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले. ताजे भुंगेरे टर्की कोंबड्यांना गिळायला लावून 'प्राचीन' करत, असं १९व्या शतकातल्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय. भिंगाखाली ते कसे ओळखायचे, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

कागदाचंही तेच. ब्रिटनमधल्या एका इसमाने इजिप्तमधून खऱ्या मूर्ती प्लॅस्टिकचा लेप देऊन, रंगवून, पर्यटकांच्या स्वस्त खेळण्यांसारख्या दिसतील अशा करून बाहेर काढल्या. मग १९२०च्या सुमाराचा एक काल्पनिक संग्रह रचला आणि त्याची लेबलं चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली! त्याचा साथीदार, न्यूयॉर्कचा बडा व्यापारी फ्रेडरिक शुल्ट्झ, याला २००२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नेजेमांख या पुरोहिताची सोनेरी शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरना घेतली आणि २०१९ मध्ये परत केली, कारण १९७१चा निर्यात परवाना बनावट निघाला. त्यावर 'अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त'चा शिक्का होता, पण परवान्याच्या तारखेला देशाचं नाव अजून 'युनायटेड अरब रिपब्लिक' होतं. एवढी तज्ज्ञमंडळी पदरी असलेलं संग्रहालय फसतं, तिथे तुझी-माझी काय कथा.

म्हणून 'जुना युरोपीय संग्रह' या शब्दांना मी शून्य गुण देतो. कोणाचा संग्रह, कोणत्या साली, कोणत्या लिलावात, कितव्या क्रमांकाला? छापील सूचीचं पान दाखवा, तारखेची पावती दाखवा. इजिप्तने १९८३ मध्ये कायदा क्र. ११७ करून हा व्यापार बंद केला. त्याआधी परवान्याने वस्तू बाहेर जाऊ शकत. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा. या सालांच्या आधी वस्तू इजिप्तबाहेर होती याचा पुरावा नसेल, तर ती इजिप्तमधल्या २०११च्या क्रांतीच्या गोंधळात कुणी रात्री खणून काढलेली असू शकते. किंवा २०१३च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या मल्लावी गावचं संग्रहालय लुटलं गेलं, तिथली. हजारावर वस्तू गेल्या होत्या तिथून. पुढेमागे भारतात आणायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचार. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर न्यायला आपला १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. एकदा आणलेलं पुन्हा बाहेर काढणं सोपं नाही.

मीही काही शहाणा नव्हतो. युरोपात नोकरीला असताना पहिल्या बोनसमधून मी फेअन्सच्या नळीमण्यांची माळ घेतली, 'थेब्ज' (लक्सरचं प्राचीन नाव) अशी चिठ्ठी लावलेली. दोन वर्षं ती बायकोला सणासुदीला घालायला लावली, तेही चुकलंच. मण्यांच्या धारदार कडांनी दोरा कापला जातो आणि घामाने चकाकी जाते. मग एका संग्रहालयातल्या बाईंनी ती उलटीपालटी करून शांतपणे सांगितलं, मणी खरे आहेत, पण निदान तीन काळांतले, आणि ओवण अलीकडची, नायलॉनची. ममीवर जाळीसारखे घालायचे मणी कुणीतरी दागिना म्हणून ओवले होते. बाजारातल्या बहुतेक 'इजिप्शियन माळा' अशाच. दुकानदाराने खोटं काही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा जास्त लागलं.

ती माळ अजून कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. फेअन्स कधी धुवायचं नाही; आतले खार दमटपणात पुन्हा वर येतात आणि पापुद्रे सुटतात. पुण्याच्या पावसाळ्यात मी दर पंधरवड्याला पुड्या बदलतो.

तू लंडनमध्येच आहेस, तर येत्या शनिवारी मॅलेट प्लेसच्या पेट्री संग्रहालयात जाऊन ये. ८० हजारांवर वस्तू आहेत त्यांच्याकडे, आणि होरसचे डोळे ओळीने मांडलेले दिसतील. तासभर नुसती भोकं बघ. मग परत दुकानात जा आणि सूचीचं पान माग. मिळालं तर फोटो पाठव, भोकाचाही, जवळून. गणपतीपर्यंत मी घरीच आहे.

तुझा,
काका