सोड्याचं वजन कुठं गेलं?

प्रश्न: नमस्कार सर. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. दिवाळीच्या आवराआवरीत दोन किलो धुण्याचा सोडा आणला होता, काचेसारखे चकचकीत खडे, कापडी पिशवीत बांधून माळ्यावर टाकला आणि विसरून गेले. आता मे महिन्यात काढला तर सगळी पांढरी भुकटी, आणि काट्यावर ठेवली तर नऊशे ग्रॅमसुद्धा भरेना! सासूबाई म्हणतात दुकानदारानं भेसळीचा माल गळ्यात मारला. टाकून देऊ का? आणि मुलगा विचारतोय, सोडा खाणीत सापडतो की कारखान्यात करतात?

उत्तर: ताई, दुकानदाराशी अजून भांडला नसाल तर भांडू नका, बिचाऱ्यानं माल चोख दिलाय, उलट तुमचा काटाच त्याची साक्ष देतोय.

त्या खड्यात सोडा कमी आणि पाणीच जास्त असतं बघा. सोडियम कार्बोनेटच्या एकेका रेणूमागं पाण्याचे 10 रेणू स्फटिकाच्या बांधणीतच बसलेले असतात, म्हणून हाताला ओल लागत नाही, पण किलोभर खड्यात जवळजवळ 630 ग्रॅम पाणी असतं. हेच निसर्गात सापडलं की त्याला नेट्रॉन म्हणतात. इजिप्तवाले ममी सुकवायला जो खार वापरायचे तो याच जातीचा, आणि शाळेत सोडियमला 'एनए' का लिहायचं हे कुणी सांगितलं नसेल तर ते सोडियमच्या नेट्रियम या लॅटिन नावावरून, म्हंजे याच घराण्यातलं.

आता आपल्याकडची कोरडी हवा. ती या खड्यातलं पाणी ओढून घेते, आधी कडांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, मग खडा आतपर्यंत ठिसूळ होतो, आणि 10 पैकी 9 रेणू उडाले की एकच रेणू चिकटून राहिलेली भुकटी उरते, तिला थर्मोनेट्राइट म्हणतात. हिशोब घाला, 2 किलोचे साधारण 870 ग्रॅम. बरोबर तुमचं वजन! त्यात 32 अंशांच्या वर नेट्रॉन टिकतच नाही, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते मी तुम्हाला काय सांगू. एखादा धड खडा उरला असेल तर स्टीलच्या वाटीत घालून मंद गॅसवर धरा, आधी घाम फुटल्यासारखा होतो आणि मग स्वतःच्याच पाण्यात विरघळतो, वरून थेंबभर पाणी न घालता.

मुलाला सांगा, दोन्ही. गुजरातेत मिठापूरला मीठ आणि चुनखडीपासून करतात. निसर्गात मात्र त्याला असं तळं लागतं जिथं पाणी येतं पण बाहेर जायला वाट नसते. आपलं लोणार घ्या ना, बुलढाण्यातलं. बेसॉल्टच्या काळ्या खडकातून झिरपलेलं पाणी येतं, उन्हानं आटतं, आणि आटताना पहिल्यांदा कॅल्शियम कार्बोनेटला धरून खाली बसतं. पाण्यात कार्बोनेट त्याहून जास्त असेल तर उरलेलं सोडियमच्या वाट्याला येतं, आणि तळं खारट तर होतंच पण वर साबणासारखं बुळबुळीतही होतं (कॅल्शियम जास्त असतं तर खेळच वेगळा झाला असता). असं पाणी थंडीत आटलं तर नेट्रॉन बसतो, उन्हाळ्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ट्रोना, त्यात खाण्याच्या सोड्याचाही भाग असतो आणि पाण्याचे रेणू फक्त 2, त्यामुळं तो उन्हाला जास्त दाद देत नाही. लोणारचा हा खार लोक पूर्वी काढून विकायचे, प्रतीप्रमाणं त्याला दल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. केनियातल्या मगाडी तळ्यात तर ट्रोनाचे थरच्या थर आहेत.

भुकटी अजिबात टाकू नका. पाणी गेलंय, सोडा सगळा तसाच आहे, म्हणून आधी 100 ग्रॅम खडे घालत होता तिथं आता 45 ग्रॅमच्या आसपास पुरे, नाहीतर हात सोलून निघतील. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात भिजवू नका, पातेलं काळं पडतं आणि झिजतं. आणि हो, सासूबाईंना सांगा, पापडाच्या पिठात चुकूनही नको, डबा पापडखाराच्या डब्यापासून लांब, घट्ट झाकणाचा.