नवा टीव्ही बॉक्स बाजारात येण्याआधीच त्याच्याबद्दल मत बनवावं का?

बनवावं, पण सगळ्याच बाबतीत नाही. यंत्र जाहीर होताच लोक त्याला डोक्यावर घेतात नाहीतर मोडीत काढतात, हा उतावीळपणा नाही का, असं तुम्ही विचारलं आहे. इंटरनेटवरून टीव्ही दाखवणाऱ्या यंत्रांचं यश-अपयश ज्यावर ठरतं, ते बरंचसं बॉक्सच्या बाहेर असतं. म्हणून ते यंत्र हातात येण्याआधीही तपासता येतं, आणि तपासायलाच हवं.

गूगल टीव्हीचंच घ्या. टीव्हीवर इंटरनेट आणणारी ही प्रणाली गूगलने मे २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर केली. तिच्यावर चालणारे सोनीचे टीव्ही आणि लॉजिटेकचा रेव्ह्यू नावाचा बॉक्स येणार होते. केबलवरचं आणि इंटरनेटवरचं सगळं एकाच जागी शोधा आणि बघा, असं वचन होतं. पण हे कार्यक्रम ज्यांचे, त्या एबीसी, सीबीएस, एनबीसी या अमेरिकी वाहिन्यांनी होकार दिलाय का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारता येत होता. ऑक्टोबरमध्ये रेव्ह्यू २९९ डॉलरला विक्रीला आला आणि त्याच महिन्यात या तिन्ही वाहिन्यांनी आपल्या संकेतस्थळांवरचे पूर्ण भाग गूगल टीव्हीवर दिसणं बंद केलं. टीव्हीवरच्या जाहिरातीला संगणकावरच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळत. ते उत्पन्न त्या का सोडतील? २०११ मध्ये तर एका तिमाहीत रेव्ह्यूचे विकलेल्यांपेक्षा परत आलेले बॉक्स जास्त होते. किंमत ९९ डॉलरवर आणावी लागली. यातलं काहीही कळायला बॉक्स उघडून बघण्याची गरज नव्हती.

आधी झालेली टीका कधीकधी ग्राहकाचे पैसे वाचवते. जून २०१२ मध्ये गूगलनेच नेक्सस क्यू नावाचा, टीव्हीला आणि स्पीकरला जोडायचा गोळ्याच्या आकाराचा बॉक्स दाखवला. किंमत २९९ डॉलर, चालवायला अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेट लागणार, आणि वाजणार-दिसणार फक्त गूगल प्ले आणि यूट्यूब. ज्यांना तो आधी मिळाला होता त्यांनी स्पष्ट सांगितलं की एवढ्या पैशांत हे फारच कमी आहे. गूगलने विक्री पुढे ढकलली, आगाऊ नोंदणी केलेल्यांना तो फुकट दिला, आणि मग तो दुकानात आलाच नाही. पुढच्या वर्षी गूगलचाच, फोनवरचं टीव्हीवर दाखवणारा ३५ डॉलरचा क्रोमकास्ट आला.

आता आपल्याकडचं. अमेरिकेत क्रोमकास्टचं कौतुक झालं ते मुख्यतः नेटफ्लिक्स आणि यूट्यूब स्वस्तात टीव्हीवर आले म्हणून. भारतात तो डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना आला, आणि नेटफ्लिक्स इथे सुरू झालं जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे तिकडचं मत चुकीचं नव्हतं, पण पुण्या-नाशिकच्या माणसाला ते लागूच नव्हतं. परदेशी परीक्षण वाचताना मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही.

वापराचं मत मात्र थांबूनच बनवा. मेनू अडखळतो का, रिमोट आई-बाबांना जमतो का, टीव्हीमागे वायफाय नीट पोहोचतं का, वर्षभराने अपडेट येतात का, हे कंपनीच्या सादरीकरणावरून कळत नाही.

तेव्हा तुम्ही ज्या बॉक्सचा विचार करताय, त्याच्या भारतातल्या पानावर जा. तुम्ही रोज बघता ती ॲप्स आज चालतात असं लिहिलंय की 'लवकरच' असं, ते बघा. 'लवकरच' म्हणजे सध्या नाही, असंच धरा. नेटफ्लिक्सची अधिकृत मान्यता आहे का हेही तपासा. ती नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सवर ते एचडीत दिसत नाही, खोक्यावर फोर-के छापलेलं असलं तरी. त्या बॉक्सला एवढं जमत नसेल तर नको म्हणायला विक्रीच्या तारखेची वाट बघू नका. जमत असेल तरी आगाऊ पैसे भरू नका. इथल्या लोकांनी महिनाभर वापरून लिहिलेलं वाचा आणि मग घ्या.