गणिताची धास्ती असेल तर कोणती पुस्तकं वाचावीत?

तुम्ही विचारलंय की शाळेत गणितानं कायम घाम फोडला, आता चाळिशीत पुन्हा त्याच्या वाटेला जावंसं वाटतंय, तर सोप्या भाषेतली कोणती पुस्तकं घ्यावीत? आणि ती वाचून गणित खरंच कळतं का?

आधी दुसरा प्रश्न. कळतं, पण हातात पेन्सिल असेल तरच. मी दहावीला गणितात ३८ मार्कांवर सुटलेला माणूस. पुढे बरीच वर्षं असली पुस्तकं कादंबरीसारखी लोळत वाचली. वाचताना मजा यायची, आठवड्याभरात पाटी कोरी.

सवय मोडली ती रशियन लेखक याकोव्ह पेरेलमानच्या ‘फिगर्स फॉर फन’ या गणिती कोड्यांच्या पुस्तकानं. रद्दीवाल्याकडे वीस रुपयांत मिळालं होतं. त्यात ५०,००० वस्तीचं एक गाव आहे. सकाळी आठला एक जण बाहेरून खमंग बातमी घेऊन येतो आणि पाव तासात तिघांना सांगतो. ते तिघं पुढच्या पाव तासात प्रत्येकी आणखी तिघांना. असंच चालू राहिलं तर गावभर व्हायला किती वेळ लागेल? मी पान झाकून अंदाज केला, संध्याकाळ तरी होईल. मग पाकिटाच्या मागे मांडत गेलो. सव्वाआठला ४ जणांना ठाऊक, साडेआठला १३, पावणेनऊला ४०, नऊला १२१. एवढी माणसं तर बारशालाही असतात, म्हणून मी निर्धास्त. दहाला ९,८४१. सव्वादहाला २९,५२४. साडेदहाच्या आत गाव संपलं! भूमितीय श्रेढी (दर वेळी ठरावीक पटीनं वाढत जाणाऱ्या संख्या) हा शब्द शाळेत पाठ होता, पण ती अंगावर कशी येते ते त्या पाकिटावर कळलं. (आणि हे व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीचं. पेरेलमान १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीनं गेला.) विज्ञान-खेळणीवाले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर त्याची पुस्तकं फुकट मिळतात.

दुसरं नाव मार्टिन गार्डनर. गणिताची पदवी नाही, शिकला तत्त्वज्ञान, पण ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९५७पासून सुमारे पंचवीस वर्षं गणिती खेळांचं सदर चालवलं. त्या लेखांचे संग्रह निघालेत, कुठलाही उचला. आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर जगाला माहीत झाले त्यात या सदराचा मोठा वाटा; १९७५ साली गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं. कापरेकरांचा खेळ सिग्नलला उभं असतानाही जमतो. पुढच्या रिक्षाचा नंबर घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि वजा करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येणार. चारही अंक सारखे नसतील तर कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच येऊन थांबतो.

मराठीत लोक हमखास अच्युत गोडबोले आणि माधवी ठाकूरदेसाईंचं ‘गणिती’ सुचवतात. जरूर वाचा, पण ते मुख्यतः माणसांचं पुस्तक आहे, गणितं सोडवायला बसवणारं नाही. सायमन सिंगचं फर्माच्या शेवटच्या प्रमेयावरचं (साडेतीनशे वर्षं कुणाला सिद्ध न करता आलेलं एक विधान) पुस्तकही त्याच जातीचं. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सनं सात वर्षं गुपचूप काम करून १९९३ला त्याची सिद्धता जाहीर केली, तिच्यात खिंडार निघालं आणि ते बुजवायला १९९४चा सप्टेंबर उजाडला, हा भाग मी रात्री दोनपर्यंत जागून वाचला. सिद्धता मात्र मला ओ की ठो कळलेली नाही, आणि ती त्या पुस्तकाची चूकही नाही.

इतर विषयांतलं एकच सांगतो, कारण रोज उपयोगी पडतं: आकडेवारीनं कसं फसवतात ते सांगणारं डॅरेल हफचं १९५४चं ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’. छोटंसं आहे, दोन दिवसांत होतं. ते वाचल्यावर महिन्याभरात ऑफिसच्या मीटिंगमध्ये एक आलेख आला. विक्री ९२ लाखांवरून ९६ लाखांवर गेलेली, पण दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट उंच. उभा अक्ष शून्याऐवजी ९०पासून सुरू केलेला! वाढ साडेचार टक्केसुद्धा नव्हती. मी गप्प बसलो, अप्रेझल जवळ आलं होतं. गंमत म्हणजे हफसाहेबांनी पुढे तंबाखूवाल्यांसाठीही काम केलं. विद्या चांगली, तिचा वापर ज्याचा त्याचा.

एकच घेणार असाल तर पेरेलमान घ्या. उत्तरांची पानं पुस्तकातच असतात आणि हात शिवशिवतो, म्हणून ती पानं आधी स्टेपल करून टाका. माझ्या प्रतीत तीन पिना अजून तशाच आहेत.