नव्वदी ओलांडलेला माणूस फ्लूने दवाखान्यात असेल, तर वाचेल की नाही हे रिपोर्टवरून कळतं का?

तुमची आजी ९२ वर्षांची, फ्लूचा न्यूमोनिया झालाय आणि डॉक्टर "वय बघता काही सांगता येत नाही" एवढंच म्हणतात. कोणता आकडा बघू, असं विचारलंय तुम्ही. आकडे राहू द्या. दाखल करताना डॉक्टरांशी बोललं कोण, ते आधी सांगा.

आमच्याकडे दादा बोलला. आई ९१ची, ऑक्सिजन ८७. मी तिच्या उशाशी, दादा फॉर्म भरायला. डॉक्टरांनी विचारलं, आजारी पडण्याआधी कशा होत्या? दादा म्हणाला, "तशी पडूनच असते." हा तिला शेवटचा भेटला होता सहा महिन्यांपूर्वी, तिचा पाय मुरगळला होता तेव्हा! एरवी ती आपली आपण आंघोळ करायची, काठी टेकत जिना उतरायची. गोळ्यांचा हिशेब तेवढा माझ्याकडे.

केसपेपरवर फ्रेल्टी, म्हणजे अंग किती खचलंय याचा आकडा, ७ पडली. ही क्लिनिकल फ्रेल्टी स्केल कॅनडाच्या रॉकवूड यांची, २००५ची. आता १ ते ९ अशी असते. ७ म्हणजे अंगावरच्या कामांनाही पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून. यात माणूस खाटेवर कसा दिसतो ते धरायचंच नसतं, आजारापूर्वी दोन आठवडे कसा होता ते धरायचं. म्हणजे सगळा भार सांगणाऱ्याच्या तोंडावर. वयाचं म्हणाल, तर न्यूमोनिया किती गंभीर ते मोजणाऱ्या कर्ब-६५ या स्कोअरमध्ये ६६ आणि ९२ दोघांनाही वयाचा एकच गुण. नव्वदीतल्या दोघींपैकी कोण तरेल, हे वय काय सांगणार कपाळ?

दुसऱ्या दिवशी आई एकदम गप्प झाली. "छान झोपल्यात," असं सगळे म्हणाले. झोप कसली, डिलिरियम होता तो, आजाराने मेंदू गोंधळतो तो. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही, बडबड करेलच असंही नाही. असं मिटून जाणं हे वाईट लक्षण. कानाचं मशीन रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये पडलेलं. आणि चार्टवर श्वास मिनिटाला दर वेळी १८, १८, १८. मी पांघरुणाकडे बघत घड्याळ लावून मोजले, ३० भरले. रात्रपाळीच्या सिस्टरने छातीवर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजले: २८. मग धावपळ सुरू झाली.

तर बघायचंच असेल तर श्वासाचा वेग, शुद्ध, ऑक्सिजन किती लागतोय, रक्तातला युरिया. तेही एका दिवसाचं नव्हे, दोन-तीन दिवसांत कुठे चाललंय ते. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, एकट्याने काही सांगत नाही. आणि स्कोअरमधले टक्के शंभर जणांच्या घोळक्याचे असतात, तुमच्या आजीचे नव्हेत.

आई बाराव्या दिवशी घरी आली. जिना मात्र पुन्हा उतरली नाही. "होती तशी होईल," हा माझा हट्टही खोटा ठरला, हे कबूल. धडधाकट वृद्धांना नुसतं १० दिवस झोपवून ठेवलं तरी पायांचं जवळपास १ किलो मांस झडतं, असं एका अभ्यासात दिसलंय. इथे तर वर आजार. म्हणून "वाचेल का" याच्या जोडीला "घरी येईल ती कशी येईल" हेही विचारा. आणि तुमची आजी खरोखरच वर्षभर अंथरुणाला खिळलेली असेल, तर माझं ऐकून मशिनांच्या मागे लागू नका. तेव्हा दादासारखं बोलणाराच बरोबर.

आमचा दादा मात्र नव्हता. "नशिबाने वाचली," असं तो अजून म्हणतो. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठून सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांनी ७ खोडून ५ लिहिलं आणि बाजूला सही केली. त्या कागदाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे.