पिकअपचा टप : पत्रा की फायबर?

प्रश्न : केळीची रोपे व ठिबकचे साहित्य नेण्यासाठी पिकअपच्या हौद्यावर कायमचा टप बसवायचा आहे. कोणता टिकेल? – एक वाचक, रावेर

उत्तर : आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, त्यामुळे रोपांसाठी पांढरा, खिडक्यांचा फायबरचा टप बरा, तो गंजत नाही, मात्र वरचा जेलकोटचा (गुळगुळीत, रंगीत राळेचा) थर पातळ असल्यास उन्हाने त्याची भुकटी सुटू लागते, म्हणून कडांची जाडी नीट पाहूनच तो घ्यावा. अॅल्युमिनियमही टिकते, पण लोखंडी हौद्याला थेट टेकले तर ओलाव्यात सांध्यापाशी झिजते. मध्ये रबरी पट्टी हवीच. टपावरही पाइप लादणार असाल (बहुतेक जण लादतातच!), तर आतून लोखंडी सांगाडा घ्यावा. बसवण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा बदलांवर निर्बंध घालते.